'एम्पायर' म्हणजे नुसते साम्राज्य नव्हे, हुकूम

'एम्पायर' या इंग्रजी शब्दाला आपण मराठीत 'साम्राज्य' म्हणतो आणि लगेच डोळ्यांपुढे नकाशा आणतो. पण या शब्दाच्या मुळाशी जमीन नाही, हुकूम आहे. लॅटिनमधले 'इम्पेरियम' म्हणजे रोमच्या कॉन्सलला मिळणारा आज्ञा देण्याचा अधिकार. त्याच्यापुढे सेवक काठ्यांची मोळी घेऊन चालत, आणि शहराबाहेर पडताच त्या मोळीत कुऱ्हाड खोचली जाई. फटके आणि शिरच्छेद, दोन्ही त्या एका शब्दात बसत. आपला 'हुकूमत' हा शब्द याच्या जास्त जवळचा आहे.

इंग्लंडच्या कायद्यात हा शब्द ठळकपणे आला 1533 साली. आठव्या हेन्रीला पहिल्या राणीपासून मोकळे व्हायचे होते आणि पोप मान्यता देत नव्हता. तेव्हा संसदेने कायदा करून टाकला, की इंग्लंड हे 'एम्पायर' आहे, म्हणून असल्या खटल्यांचे अपील रोमला जाणार नाही. त्या वेळी अमेरिकेत किंवा आशियात इंग्लंडची एकही वसाहत नव्हती! अर्थ एवढाच, की आमच्यावर हुकूम चालवणारा कोणी नाही. जो शब्द दुसऱ्याचे जू झुगारण्यासाठी वापरला, तोच पुढे दुसऱ्याच्या मानेवर जू ठेवण्यासाठी कामाला आला.

1876 साली व्हिक्टोरिया राणीला 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हा किताब देण्याचा कायदा झाला, तेव्हा खुद्द ब्रिटिश संसदेत कुरकुर झाली. हा किताब हुकूमशाहीचा वास मारतो, इंग्रजांना शोभत नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. सरकारने सांगितले, काळजी नको, तो हिंदुस्थानपुरता आहे, घरी वापरणार नाही. म्हणजे घरी राणी आणि आमच्याकडे कैसर-ए-हिंद. इंग्रजांना या शब्दाचा अर्थ नीट ठाऊक होता, याचा यापेक्षा मोठा पुरावा आपल्याला नको.

बाबासाहेबांनी हा शब्द भाषणबाजीसाठी नाही, हिशेबाच्या वहीत पकडला. 1925 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या त्यांच्या ग्रंथात 'इम्पीरियल' पद्धतीची चिकित्सा आहे. 1833 च्या चार्टर कायद्याने प्रांतांचे हात असे बांधले, की गव्हर्नर जनरलच्या मंजुरीशिवाय मुंबई सरकारला एक नवी पगारी जागाही निर्माण करता येईना. महसूल गोळा करायचा प्रांताने, खर्चाचा हुकूम वरून. एम्पायर म्हणजे काय ते इथे कळते, दरबाराच्या चित्रात नाही.

पुढे शब्द लाजिरवाणा झाला. 1921 ची इम्पीरियल बँक 1955 साली स्टेट बँक झाली. इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चचे तर आणखी सोपे: 'इम्पीरियल'चे 'इंडियन' केले, आद्याक्षरे तीच राहिली, आयसीएआर. यात गैर काहीच नाही, संस्था उपयोगाच्या आहेत. पण पाटी बदलणे किती सोपे असते हे लक्षात ठेवावे.

कारण हुकूम फक्त लंडनहून येत नव्हता. 1930 च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर विचारले, तुम्ही येण्यापूर्वी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आज येते का? देवळात जाता येत नव्हते, आज येते का? एवढ्या वर्षांच्या राजवटीने गावातल्या हुकमाला हात लावला नव्हता. ज्यांना 'साम्राज्यवाद' हा शब्द फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवायचा आहे, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर आजवर दिलेले नाही.

1871 साली याच एम्पायरने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरवले. सोलापुरात अशा माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवले. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. नंतर 1959 साली मुंबई राज्यात 'सराईत गुन्हेगारां'चा कायदा आला. चोरी झाली की पोलिसांची गाडी अजूनही आधी कोणत्या वस्तीकडे वळते, हे पारधी वस्तीत काम करणाऱ्या आपल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा.