'नास्तिक' या एका शब्दामागील तीन इंग्रजी शब्द : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

इंग्रजीतील वैचारिक लेखन मराठीत आणताना 'एथिइस्ट', 'सेक्युलरिस्ट' आणि 'अ‍ॅग्नॉस्टिक' या तिन्ही शब्दांसाठी 'नास्तिक' किंवा 'निधर्मी' असे शब्द पुष्कळदा सरसकट योजले जातात. त्यामुळे तीन भिन्न भूमिका एकच वाटू लागतात. वस्तुतः हे शब्द एका काळी वा एका हेतूने निर्माण झालेले नाहीत. पहिला विरोधकांनी लादला. उरलेले दोन विशिष्ट व्यक्तींनी स्वतःची भूमिका सांगण्यासाठी घडविले. या भेदाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरोपातून आलेला शब्द :

'देवाविना' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून बनलेला 'एथिइस्ट' हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत रूढ झाला. प्रारंभी तो मुख्यतः प्रतिपक्षाची निंदा करण्यासाठीच वापरला जाई. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहिष्णुतेविषयीच्या पत्रात जॉन लॉक यांनी धार्मिक सहिष्णुतेचा पुरस्कार केला. परंतु ईश्वर न मानणाऱ्यांना तिच्यातून वगळले. अशा माणसाच्या वचनाला, कराराला व शपथेला आधारच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे हा शब्द चिकटलेला माणूस केवळ धर्माच्या नव्हे, तर नागरी विश्वासाच्याही कक्षेबाहेर जात असे.

स्वतः घडविलेले शब्द :

जॉर्ज जेकब होलिओक यांना एका व्याख्यानानंतर दिलेल्या उत्तरावरून १८४२ मध्ये ईशनिंदेबद्दल सहा महिन्यांचा कारावास झाला. १८५१ मध्ये त्यांनी 'सेक्युलॅरिझम' हा शब्द प्रचारात आणला. 'सेक्युलर' हे विशेषण मात्र जुनेच होते. मठात न राहता लोकांत वावरणाऱ्या धर्मोपदेशकांसाठी ते मध्ययुगापासून वापरात होते. होलिओक यांनी त्याला ऐहिक जीवनाच्या सुधारणेचा अर्थ दिला. ईश्वर आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवूनही माणसे या कार्यात एकत्र येऊ शकतात, अशी त्यांची धारणा होती.

पुढे १८६९ मध्ये लंडनच्या मेटाफिजिकल सोसायटीच्या संदर्भात जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्सले यांनी 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द घडविला. मंडळातील इतर सभासदांपाशी आपापल्या मताचे नाव होते. आपल्यापाशी ते नाही, ही त्यांची अडचण होती. अंतिम सत्याचे ज्ञान झाल्याचा दावा करणाऱ्या प्राचीन 'नॉस्टिक' पंथीयांच्या विरोधी अर्थाने त्यांनी हे नाव घेतले. पुराव्याने सिद्ध न होणाऱ्या गोष्टीविषयी निश्चयाने बोलू नये, ही त्यामागील ज्ञानविषयक शिस्त होती. ईश्वराचा नकार तिच्यात अभिप्रेत नव्हता.

शपथेचा प्रश्न :

चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी आरोपाचाच शब्द उघडपणे स्वीकारला. सेक्युलॅरिझममधून निरीश्वरवाद अपरिहार्यपणे निष्पन्न होतो, असे ते मानीत. याच मुद्द्यावर १८७० मध्ये होलिओक व ब्रॅडलॉ यांच्यात जाहीर वाद झाला. १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आल्यावर ब्रॅडलॉ यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची अनुमती मागितली. ती नाकारली गेल्यावर ते शपथ घेण्यास तयार झाले, तर तीही त्यांना घेऊ दिली गेली नाही. मतदारांनी पुनःपुन्हा निवडून देऊनही १८८६ पर्यंत त्यांना स्थिरपणे आसन मिळाले नाही. अखेर १८८८ च्या शपथ कायद्याने प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना खुला झाला. लॉक यांच्या आक्षेपाला कायद्याने दिलेले हे उत्तर होते. पुढच्याच वर्षी ब्रॅडलॉ मुंबईच्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास उपस्थित राहिले.

मराठीतील स्थिती :

१८८८ मध्येच 'सुधारक' सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांवर मिल व स्पेन्सर यांच्या विचारांचा प्रभाव होता. त्यांची भूमिका 'अज्ञेयवादी' म्हणून ओळखली जाते. त्यांना केवळ 'नास्तिक' म्हणणे पुरेसे ठरत नाही. शिवाय 'नास्तिक' या शब्दाचा भारतीय इतिहास स्वतंत्र आहे. मनुस्मृतीत वेदनिंदकाला नास्तिक म्हटले आहे. म्हणूनच जगत्कर्ता ईश्वर न मानणारी पूर्वमीमांसा आस्तिक दर्शनांत गणली जाते, तर जैन व बौद्ध दर्शने नास्तिक ठरतात. येथे कसोटी वेदप्रामाण्याची आहे. 'एथिइस्ट' या शब्दात ती ईश्वराच्या अस्तित्वाची आहे.

समारोप :

यावरून असे म्हणता येईल की, 'एथिइस्ट'साठी 'निरीश्वरवादी', 'अ‍ॅग्नॉस्टिक'साठी 'अज्ञेयवादी' व होलिओक यांच्या अर्थाने 'सेक्युलरिस्ट'साठी 'इहवादी' हे प्रतिशब्द अधिक नेमके आहेत. हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. आपल्या संविधानाची तिसरी अनुसूची ईश्वरसाक्ष शपथेबरोबरच गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेचा पर्याय देते. ईश्वर न मानणाऱ्याच्या शब्दालाही नागरी मोल आहे, हे त्यातून मान्य झाले आहे. कायद्याने राखलेला हा विवेक अध्यापनाच्या भाषेतही राखला जावा, एवढीच अपेक्षा.