अत्तिरम्पक्कम

तमिळनाडूतील पुराश्मयुगीन स्थळ. चेन्नईच्या वायव्येस सुमारे ६० किमी.वर, तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, कोसस्थलैयार नदीच्या खोऱ्यात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना मे १८६३ मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरम येथे दगडी हातकुऱ्हाड सापडली. त्याच वर्षी सप्टेंबरात ते विल्यम किंग यांच्यासह अत्तिरम्पक्कमला आले. पावसाने कापलेल्या घळींत त्यांना आणखी हत्यारे मिळाली. भारतीय प्रागितिहासाचा अभ्यास याच शोधांपासून सुरू झाला.

पण या हत्यारांचे वय ठरेना. येथील पातळ थरांची चिकणमाती पूर्वीच्या अभ्यासकांनी क्रिटेशस काळातील शेल खडक मानली होती. तो काळ डायनासोरांचा, त्यामुळे त्या मातीत माणसाची खूण मिळेल अशी अपेक्षाच नव्हती. पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू आणि त्यांचे सहकारी कुमार अखिलेश यांनी ‘शर्मा सेंटर फॉर हेरिटेज एज्युकेशन’तर्फे केलेल्या उत्खननात (१९९९ पासून) नेमक्या त्याच मातीच्या पोटात हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर (रुंद, सरळ धारेची हत्यारे) निघाले. या स्थळाचे खरे मोल यात आहे. पुराने वाहून आणलेल्या गोट्यांत मिळणारे हत्यार मूळचे कुठले हे सांगणे कठीण असते. येथे मात्र ते पूरमैदानाच्या संथ गाळात थरावर थर जपले गेले.

ही हत्यारे ज्याची घडवली, तो क्वार्टझाइटचा दगड उघड्यावर असताना वैश्विक किरणांमुळे त्यात बेरिलियम-१० आणि अॅल्युमिनियम-२६ तयार होतात. दगड खोल पुरला गेला की ही निर्मिती थांबते आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने क्षय पावतात. त्यांच्या प्रमाणावरून, तसेच गाळातील पुराचुंबकत्वावरून (गाळात नोंदल्या गेलेल्या जुन्या चुंबकीय दिशांवरून), अश्यूलियन म्हणजे हातकुऱ्हाड-परंपरेतील हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे ठरले (२०११). पुढे २०१८ मध्ये वरच्या थरांतील ७,००० हून अधिक अवजारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अवजड हातकुऱ्हाडी मागे पडून, गाभा आधी घडवून हव्या त्या आकाराचे छिलके काढण्याचे मध्य पुराश्मयुगीन तंत्र येथे सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वीच आल्याचे त्यातून दिसले. हे तंत्र आधुनिक मानवाबरोबर सव्वा लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आले, या मताला त्यामुळे मोठा धक्का बसला.

भारतातील दगडी हत्यारे किती जुनी, या प्रश्नाची दुसरी टोके महाराष्ट्रात आहेत: पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी प्रवरेकाठी नेवाशाला केलेले काम आणि कुकडीकाठचे पुराश्मयुगीन स्थळ बोरी. मराठी अभ्यासकाने तिन्ही स्थळे एकत्र वाचावीत. अत्तिरम्पक्कमला काही प्राण्यांचे अश्मीभूत दात मिळाले असले, तरी मानवी हाड एकही मिळालेले नाही. म्हणून ही हत्यारे घडवणारा मानव कोणत्या जातीचा, हे अनिर्णित आहे.