घाटाखालचा मुलूख आणि त्याचा प्रतिनिधी

छिंदवाड्याहून नागपूरकडे जाणारी वाट सातपुड्याचा घाट उतरली, की मुलूख बदलतो. सागाची राने आणि कोळशाच्या खाणी मागे राहतात. काळी जमीन लागते, कापसाची शेते आणि संत्र्यांच्या बागा लागतात, आणि आठवड्याच्या बाजारात मराठी कानावर पडू लागते. हा सौसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांचा प्रदेश होय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणारी गोटमार दूरदूरच्या लोकांना ऐकून ठाऊक असते. या प्रदेशाचा राजकीय इतिहास मात्र त्या मानाने फारसा कोणी सांगत नाही.

तो इतिहास सीमेचा इतिहास आहे. देवगडच्या गोंड राजांचे येथे राज्य होते. नागपूर शहर वसविणारा बख्त बुलंद हा याच घराण्यातला. पुढे अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, १८५४ साली ते राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. राज्ये बदलली, तरी या मुलखाची राजधानी बहुतेक काळ नागपूरच राहिली. कापूस विकावयाचा तो तिकडे, कज्जा न्यावयाचा तो तिकडे, मुलगा शिकावयास पाठवायचा तोही तिकडे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर घाटाखालचा हा मराठी भागही राहिला. राजधानी भोपाळला गेली. पांढुर्ण्याहून नागपूर दोन तासांच्या वाटेवर, तर भोपाळ त्याच्या कितीतरी पलीकडे. भाषा एका राज्याची आणि शासन दुसऱ्या राज्याचे, अशी स्थिती झाली. अशा प्रदेशाचे म्हणणे राजधानीत कोणी मांडावे, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. त्याला मिळालेले सर्वांत दीर्घ काळ टिकलेले उत्तर म्हणजे कमल नाथ.

कमल नाथ यांचा या मुलखाशी जन्माचा संबंध नाही. १८ नोव्हेंबर १९४६ रोजी कानपूर येथे त्यांचा जन्म झाला. डेहराडूनच्या दून विद्यालयात आणि कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. दून विद्यालयातच संजय गांधींशी त्यांची मैत्री जडली आणि त्या मैत्रीतून ते राजकारणात आले. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर हिंदुस्थानात काँग्रेस भुईसपाट झाली असता मध्यप्रदेशातील एकच जागा त्या पक्षाकडे राहिली होती, ती छिंदवाड्याची. गार्गीशंकर मिश्र तेथून निवडून आले होते. जानेवारी १९८० मध्ये हीच भरवशाची जागा कमल नाथांना देण्यात आली. प्रचारास आलेल्या इंदिरा गांधींनी त्यांचा उल्लेख आपला तिसरा पुत्र असा केला, ही गोष्ट छिंदवाड्यात पुढे वर्षानुवर्षे सांगितली गेली. तेहतीस वर्षांचा हा परका तरुण त्या वर्षी लोकसभेत गेला.

त्यानंतर १९८४, १९८९, १९९१, १९९८, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे एकूण नऊ विजय त्यांनी याच मतदारसंघातून मिळविले. घाटावरच्या गोंड-आदिवासी गावांनी आणि घाटाखालच्या मराठी शेतकऱ्यांनी मिळून एका हिंदी भाषकास इतका काळ आपला मानले, यामागे भावनेइतकाच व्यवहार होता. दूरच्या भोपाळात ज्यांचा आवाज क्षीण, त्यांना थेट दिल्लीत दार उघडून देणारा मनुष्य हवा होता. सौसर तालुक्यातील बोरगाव येथे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि १९९१ साली तेथे रेमंड कंपनीची कापडगिरणी सुरू झाली. सौसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा ही अरुंद रेल्वे पुढे रुंद झाली. अशा कामांचे श्रेय येथील पुष्कळ लोक आजही त्यांनाच देतात.

दिल्लीतही त्यांना मोठी पदे मिळाली. १९९१ ते १९९५ या काळात पर्यावरण खाते, नंतर वस्त्रोद्योग, २००४ ते २००९ वाणिज्य व उद्योग, त्यापुढे रस्ते वाहतूक आणि नगरविकास. जुलै २००८ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटी चालू असता, परदेशी धान्याची आयात एकाएकी वाढल्यास गरीब देशांना आयातकर वाढविण्याची मुभा असावी, या मागणीवर भारताचे वाणिज्यमंत्री म्हणून ते अडून बसले. अमेरिकेशी एकमत झाले नाही आणि बोलणी मोडली. त्यांच्या हट्टाची जगभर टीकाही झाली आणि प्रशंसाही. जगाच्या बाजारातील भाव घसरला की घरचा हिशेब कसा कोलमडतो, हे कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांना कोणी निराळे समजावून सांगावयास नको होते.

या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत शिखांचे शिरकाण चालू असता रकाबगंज गुरुद्वाराबाहेर जमलेल्या जमावापाशी कमल नाथ उपस्थित होते. जमावाला चिथावणी दिल्याचा आरोप त्यांनी सतत नाकारला, आणि उपलब्ध पुराव्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही असे नानावटी आयोगाने २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटले. तथापि तो प्रश्न मिटला नाही. २०१६ साली पंजाबातील पक्षकार्याची जबाबदारी त्यांना याच वादामुळे सोडावी लागली.

मतदारसंघाशी त्यांचे नाते कसे होते, याची कसोटी १९९६-९७ मध्ये लागली. हवाला प्रकरणात नाव आल्यामुळे १९९६ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली नाही. त्यांच्या पत्नी अलका नाथ उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पुढे त्यांनी राजीनामा दिला आणि १९९७ च्या पोटनिवडणुकीस कमल नाथ स्वतः उभे राहिले. भारतीय जनता पक्षाचे माजी मुख्यमंत्री सुंदरलाल पटवा यांनी त्यांचा पराभव केला. हवाला प्रकरण न्यायालयात टिकले नाही आणि १९९८ मध्ये मतदारांनी कमल नाथांना पुन्हा निवडले. प्रेमाने दिलेली जागा घरातल्या घरात फिरविता येत नाही, एवढे मात्र मतपेटीने सांगून ठेवले होते.

१७ डिसेंबर २०१८ रोजी ते मध्यप्रदेशचे मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी त्यांनी दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाच्या माफीच्या आदेशावर सही केली. शासनाच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी सत्तर टक्के नोकऱ्या राज्यातील लोकांना द्याव्यात, असेही त्यांनी जाहीर केले. कामासाठी नागपूर गाठणाऱ्या पांढुर्ण्याच्या तरुणाने हा नियम ऐकला असेल, तेव्हा असाच नियम महाराष्ट्राने केला तर आपले काय, हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल. सीमेवरच्या माणसाला प्रत्येक कायद्याच्या दोन्ही बाजू दिसतात. हे मंत्रिमंडळ पंधरा महिनेच टिकले. ज्योतिरादित्य शिंदे यांनी पक्ष सोडला, बावीस आमदारांनी राजीनामे दिले, आणि २० मार्च २०२० रोजी कमल नाथ पायउतार झाले.

दरम्यान २०१९ मध्ये त्यांचे पुत्र नकुल नाथ छिंदवाड्याचे खासदार झाले. राज्यातील एकोणतीस जागांपैकी काँग्रेसला मिळालेली ती एकमेव जागा. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सौसरजवळच्या जामसावळी येथील हनुमान मंदिराच्या परिसरात पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली. पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे करून नवा जिल्हा झाला. निवडणूक तोंडावर आली होती, आणि या देणगीचा हेतू कोणापासून लपलेला नव्हता. मतदारांनी जिल्हा आनंदाने स्वीकारला आणि नोव्हेंबरमध्ये सौसर व पांढुर्णा या दोन्ही जागा काँग्रेसला दिल्या. त्यानंतर सात महिन्यांच्या आतच, जून २०२४ मध्ये, छिंदवाडा मतदारसंघात भारतीय जनता पक्षाचे विवेक बंटी साहू यांनी नकुल नाथांचा एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. चव्वेचाळीस वर्षांचे एक पर्व तेथे थांबले.

या साऱ्या हकिकतीतून घाटाखालच्या मुलखाने काय घ्यावे? दिल्लीत वजन असलेला प्रतिनिधी लाभणे ही भाग्याची गोष्ट खरी. त्यामुळे गिरणी आली, रेल्वे आली, गाऱ्हाणे ऐकले गेले. परंतु जे एका माणसाच्या शब्दावर मिळते, ते मिळविण्याची सवय लोकांना राहत नाही. मंत्र्याचे दार माणूस ओळखीचा असेल तोवर उघडे राहते, आणि आपल्या हक्काच्या कचेरीला ओळख लागत नाही. पूर्वी साध्या दाखल्यासाठी घाट चढून छिंदवाड्यास जावे लागे. नव्या जिल्ह्याची कचेरी पांढुर्ण्यात आहे. ती कोणत्या पक्षाने, कोणत्या हेतूने दिली, हे काही वर्षांत विस्मरणात जाईल. तेथे मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज त्याला समजेल अशा भाषेत घेतला जातो की नाही, गोंड वस्तीतील मुलाला दाखला वेळेवर मिळतो की नाही, यावरून तिचे मोल ठरेल. पांढुर्ण्याची विधानसभेची जागा २००८ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यामुळे हा जिल्हा एकट्या मराठी भाषकांचा नाही, याचेही स्मरण तेथे ठेवावे लागेल.

१९५६ साली या लोकांना विचारून रेषा ओढली गेली नव्हती. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत मात्र त्यांना विचारले गेले, आणि त्यांनी दिलेली उत्तरे कोणाच्याही अंदाजात पुरती बसली नाहीत. नऊदा ज्याला निवडले त्यालाच एकदा घरी बसविले. ज्या पक्षाने जिल्हा दिला त्याला आधी नाकारले आणि मग स्वीकारले. कमल नाथांच्या चरित्रात या मतदारसंघाला मोठे स्थान आहेच. सौसर-पांढुर्ण्याच्या इतिहासात कमल नाथ हे एक दीर्घ प्रकरण आहे, आणि त्यापुढची पाने तेथील लोकांनाच लिहावयाची आहेत.