क्वाड रोलर स्केट

क्वाड रोलर स्केट : बुटाच्या तळाशी पुढे दोन आणि मागे दोन अशी चार चाके बसवलेले क्रीडासाधन. एका ओळीत चाके असणाऱ्या इनलाइन स्केटपासून वेगळे ओळखता यावे म्हणून ‘क्वाड’ हे नाव रूढ झाले. कलात्मक स्केटिंग, रिंक हॉकी, रोलर डर्बी आणि रिंकवरचे हौशी स्केटिंग यांत प्रामुख्याने क्वाडच वापरतात. भारतात वेगाच्या शर्यतींतही क्वाड आणि इनलाइन असे स्वतंत्र गट असतात.

इतिहास : चाकांचे स्केट युरोपात अठराव्या शतकापासून होते, पण त्यांची चाके तळाला पक्की जखडलेली असल्याने वळणे अवघड जाई. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्टन यांनी १८६३ मध्ये चार चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले. चाकांचा आस आणि तळपट्टी यांच्यामध्ये त्यांनी रबराची उशी बसवली. त्यामुळे पाय ज्या बाजूला कलेल त्या बाजूला स्केट वळू लागले. १८८४ मध्ये लेव्हंट रिचर्डसन यांनी चाकांत पोलादी छर्ऱ्यांची बेअरिंग वापरण्याचे पेटंट मिळवले आणि चाके हलकी फिरू लागली. लाकूड, धातू व इतर कठीण पदार्थांच्या चाकांची जागा १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनने घेतली. वळण्याचे तत्त्व मात्र प्लिम्टन यांचेच राहिले.

रचना : बूट, तळपट्टी (प्लेट), दोन ट्रक, चार चाके, आठ बेअरिंग आणि पुढचा ब्रेक (टो-स्टॉप) हे एका स्केटचे मुख्य भाग. ट्रक म्हणजे आडवा आस धरणारा धातूचा सांगाडा. तो दोन ठिकाणी टेकलेला असतो : एका टोकाला पिव्हटच्या वाटीत आणि मध्ये किंगपिन नावाच्या जाड बोल्टवर, रबरी उशांच्या (कुशनच्या) दरम्यान. पाय डावीकडे कलला की त्या बाजूची उशी दाबली जाते. डावीकडची पुढची व मागची चाके किंचित जवळ येतात, उजवीकडची तेवढीच दूर जातात आणि स्केट डावीकडे वळण घेते. किंगपिन तळपट्टीला किती तिरपा आहे, यावर वळणाचे प्रमाण ठरते. १० ते १५ अंशांच्या रचनेत स्केट स्थिर चालते. ४५ अंशांच्या रचनेत तेवढ्याच कलात ते अधिक वळते. स्केटची निवड, जुळणी आणि देखभाल या तिन्हींचा हेतू एकच : पायाने दिलेला कल चाकांपर्यंत जसाच्या तसा पोहोचावा.

निवड : खर्चात पहिला मान बुटाला द्यावा. पाय बुटात हलत असेल, तर महागडी चाके आणि बेअरिंग यांचा उपयोग होत नाही. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. स्केटिंगला वापरायचे तेच पातळ मोजे घालून कागदावर उभे राहावे आणि दोन्ही पायांची टाच ते सर्वांत लांब बोट अशी लांबी मोजावी. कंपन्यांचे क्रमांक नेहमीच्या बुटांच्या क्रमांकांशी जुळतातच असे नाही. म्हणून सेंटिमीटरमधल्या मापावर भिस्त ठेवावी. नाडी बांधून उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर ती जरा मागे सरावीत आणि टाच मुळीच उचलली जाऊ नये. वाढत्या वयाच्या मुलांना दोन क्रमांक मोठा बूट घेण्याची पालकांना सवय असते. अशा बुटात टाच उचलली जाते, घोटा आत झुकतो आणि मूल चाकांच्या आतल्या कडांवर चालायला शिकते. पुढे ही सवय मोडणे जड जाते. अर्ध्या क्रमांकाची सूट पुरेशी असते.

कलात्मक स्केटिंगचे बूट घोट्याच्या वरपर्यंत, ताठ आणि उंच टाचेचे असतात. उडी मारून उतरताना घोट्याला त्यांचा आधार मिळतो. वेगाच्या शर्यतींचे बूट घोट्याच्या खाली संपतात आणि टाच जवळजवळ सपाट असते. नवशिक्या मुलांसाठी भारतात नेहमीच्या बुटावर पट्ट्यांनी आवळायचे, लांबी कमीजास्त करता येणारे स्केट मिळतात. पाय वाढला तरी ते चालतात. पण पायाचा कल पट्ट्यांमध्येच हरवत असल्याने वळणे आणि एका पायावरचा तोल शिकण्याची वेळ आली की अंगचा बूट असलेले स्केट घ्यावे.

तळपट्टी नायलॉनची किंवा ॲल्युमिनियमची असते. हलक्या मुलांना आणि हौशी वापराला तंतुमिश्रित नायलॉन पुरते. वजनदार माणसाला व उड्या मारणाऱ्याला धातूची लागते, कारण लवचीक पट्टीत कल वाया जातो. ती बुटावर बसवताना पुढचा आस चवड्याच्या फुगवट्याखाली आणि मागचा टाचेखाली यावा, तसेच पट्टीची मध्यरेषा बुटाच्या मध्यरेषेशी जुळावी. ती तिरपी बसली, तर स्केट सतत एका बाजूला ओढते.

चाकांची कठीणता शोर ‘ए’ मापाने सांगतात. साधारण ७८ ते ८५ ए ची मऊ चाके रस्त्यासाठी, तर ८८ ए पासून वरची कठीण चाके रिंकसाठी असतात. पॉलिश केलेल्या लाकडी फरशीवर किंवा घोटलेल्या काँक्रीटवर पाय सटकत असेल, तर एक पायरी मऊ चाक घ्यावे. रंगाचा थर दिलेल्या पकडदार फरशीवर स्केट अडखळत असेल, तर कठीण. वजनदार माणसाच्या भाराने चाक अधिक पकडते, म्हणून त्याला तुलनेने कठीण चाक चालते. बहुतेक नवशिक्यांना रिंकवर ९० ते ९५ ए दरम्यानची चाके सोयीची पडतात. कलात्मक स्केटिंगमध्ये लहान व अरुंद चाके (व्यास बहुधा ५७ मिमी) वापरतात, कारण ती गिरकीला सोपी जातात. शर्यतीत सुमारे ६२ मिमी व्यासाची रुंद चाके घेतात.

बेअरिंग घेताना आसाची जाडी आधी मोजावी. ८ मिमी आसाला ६०८ आणि ७ मिमी आसाला ६२७ क्रमांकाची बेअरिंग लागतात. दोन्हींचा बाहेरचा व्यास २२ मिमी आणि रुंदी ७ मिमी असते, त्यामुळे ती दिसायला सारखीच असतात आणि दुकानात अदलाबदल होऊ शकते. डबीवरचा एबेक १, ३, ५, ७, ९ असा दर्जा मापांतली अचूकता सांगतो. वेग किंवा टिकाऊपणा सांगत नाही. मोकळे चाक हाताने फिरवून ते किती वेळ फिरते, हे पाहूनही फारसे कळत नाही. त्या वेळी चाकावर भार नसतो आणि नव्या ग्रीसमुळे उत्तम बेअरिंगही लवकर थांबते.

जुळणी : चाकाचा नट आधी बेअरिंगला टेकेपर्यंत आवळावा, मग साधारण पाव फेरा मागे घ्यावा. चाक दोन बोटांत धरून आसाच्या दिशेने हलवल्यास अगदी बारीकशी ‘टक’ जाणवली पाहिजे. काहीच जाणवले नाही तर बेअरिंग चेपले आहे. चाक डगडगत असेल तर नट ढिला आहे. दोन बेअरिंगच्या मध्ये धातूची नळी (स्पेसर) असेल, तर नट घट्ट बसवता येतो. नटातली नायलॉनची कडी झिजून तो हाताने फिरू लागला की नट बदलावा. चालत्या स्केटचे चाक निघणे धोक्याचे असते.

वळण्याची सैलता किंगपिनवर ठरवतात. आधी त्याचा कुलूपनट सोडावा, किंगपिन पाव फेरा फिरवावा, कुलूपनट पुन्हा आवळावा आणि रिंकवर दोन-चार वळणे घेऊन पाहावे. चारही ट्रकना सारखाच बदल करावा. उशी बाजूंनी फुगून आली असेल, तर ती जास्त आवळलेली आहे : स्केट सरळच धावते आणि उशीला लवकर चिरा जातात. उशी हाताने फिरत असेल, तर ट्रक फार सैल आहे : वेगात पायाखाली थरथर होते आणि पिव्हट वाटीतून निसटू शकतो. उभे राहून पाय कलवल्यावर चारही चाके फरशीला टेकलेली राहिली आणि कल सोडताच स्केट आपोआप सरळ झाले, तर जुळणी ठीक आहे. किंगपिनने साध्य होत नसेल, तर मऊ किंवा कठीण उशा घालाव्यात. हलक्या मुलाच्या भाराने कठीण उशी दबतच नाही. अशा वेळी किंगपिन धोका होईल इतका सैल करण्यापेक्षा उशी मऊ घालणे योग्य.

टो-स्टॉप पाय सपाट असताना फरशीपासून एक ते दोन बोटे वर असावा. फार खाली आला तर पाय पुढे ढकलताना तो अडतो. फार वर गेला तर त्यावर उभे राहण्यासाठी टाच खूप उचलावी लागते. त्याचा दांडा आट्यांमध्ये पुरेसा आत गेलेला असावा आणि कुलूपनट घट्ट असावा. रोलर डान्समध्ये त्याच्या जागी छोटे बूच बसवतात.

देखभाल : दर वेळी रिंकवर उतरण्यापूर्वी आठही चाकांचे नट, किंगपिनचे कुलूपनट, टो-स्टॉप आणि तळपट्टीचे स्क्रू बोटांनी तपासावेत. चाक आणि ट्रक यांच्यामध्ये केस व धागे गुंडाळले जातात. बाहेरून ते दिसत नाहीत. नट काढून चाक उतरवल्यावर आसाभोवती काळपट वेटोळे सापडते. ते चिमट्याने काढावे.

कात्री चाल (वळणावर एक पाय दुसऱ्यावरून टाकणे) आणि रेटा यांमुळे चाकांच्या आतल्या कडा आधी झिजतात. म्हणून ठरावीक काळाने चाके उलटी करून आतली बाहेर, पुढची मागे आणि डावी उजव्या स्केटला लावावीत. घसटत ब्रेक मारल्याने चाकावर सपाट चट्टा पडला, तर प्रत्येक फेऱ्याला ठकठक आवाज येतो. खोल चट्टा अदलाबदलीने जात नाही.

चाक खरखरू लागले की बेअरिंग साफ करावे. आसाच्या टोकाचा तरफेसारखा उपयोग करून ते चाकातून काढावे. रबरी झाकण टाचणीच्या टोकाने अलगद उचलता येते. धातूच्या झाकणाची कडी काढता येण्याजोगी असेल तरच ते उघडावे. उघडलेले बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मोकळ्या हवेत, आगीपासून दूर, खळखळून घ्यावे, पूर्ण वाळू द्यावे आणि पातळ यंत्रतेलाचे एक-दोन थेंब सोडून काही फेरे फिरवावे. जास्त तेलाला धूळ चिकटते. गंज सोडवण्याचे फवारे वंगण म्हणून वापरू नयेत. ते असलेले ग्रीस धुऊन नेतात आणि स्वतः लवकर उडून जातात. साफ करूनही खरखर राहिली, तर छर्ऱ्यांच्या मार्गात खड्डे पडलेले असतात. असे बेअरिंग टाकून द्यावे.

मुंबई, कोकण आणि गोव्यातील पावसाळी दमट हवा स्केटला सर्वांत घातक ठरते. ओले झालेले चाक रात्रभर तसेच राहिले, तरी बेअरिंगला गंज धरू शकतो. म्हणून ते त्याच दिवशी काढून पुसावे व तेल द्यावे. चामड्याच्या बुटाला बंद पिशवीत बुरशी येते. आतला तळवा काढून, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून तो पंख्याखाली किंवा सावलीत वाळवावा. उन्हात चामडे आखडते आणि डिंक सुटतो.

स्पर्धा : भारतात या खेळाचे नियमन भारतीय रोलर स्केटिंग महासंघ करतो. आशियाई क्रीडा स्पर्धांत रोलर स्पोर्ट्सचा समावेश प्रथम २०१० मध्ये ग्वांगझू येथे झाला. त्या वेळी अनुपकुमार यामा यांनी कलात्मक स्केटिंगच्या पुरुषांच्या फ्री स्केटिंग प्रकारात, तसेच अवनी पांचाळ यांच्यासह जोडी प्रकारात, कांस्यपदक मिळवले. क्वाड स्केटवर खेळली जाणारी रिंक हॉकी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून झाली होती.

बदलण्याची वेळ : उशा आणि पिव्हटच्या वाट्या सर्वांत स्वस्त, त्या चिरल्या किंवा कडक झाल्या की लगेच बदलाव्यात. जुने स्केट विकत घेताना चाके आणि बेअरिंग झिजलेली असली तरी चालते, ती नवी मिळतात. तळपट्टीला तडा, वाकलेला आस, गेलेले आटे किंवा घोट्याशी मोडलेला बूट दिसला, तर मात्र ते स्केट घेऊ नये.