खानदेशची भूमी आणि भूगोलाचा अभ्यास



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून प्रवेशाची चर्चा सुरू होते. सायन्सला प्रवेश मिळाला तर आनंद, कॉमर्स मिळाले तर समाधान आणि काहीच जमले नाही तर आर्ट्स, असा क्रम आपण मनाशी ठरवून टाकला आहे. आर्ट्समध्येही भूगोल हा विषय पुष्कळदा शेवटी उरला म्हणून घेतला जातो. "भूगोल घेऊन काय करणार? नद्या आणि राजधान्याच पाठ करायच्या ना?" असे वडीलधारी मंडळी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासातून देणार आहे. कारण आपल्याकडच्या विद्वानांनी या विद्येला शेवटचे स्थान कधीच दिले नव्हते. आणि ज्या खानदेशात आपण राहतो, त्याचा इतिहास तर भूगोलावाचून समजतच नाही.

प्रथम आपल्या रोजच्या जीवनातील गोष्ट घेऊ. नमाजासाठी किब्ल्याची दिशा हवी आणि वेळही हवी. या दोन्ही गोष्टी भूगोलाच्या आहेत. जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मक्का २१ अंश २५ मिनिटांवर. भिंतीवरच्या सपाट नकाशात पाहिले तर मक्का आपल्या जवळजवळ सरळ पश्चिमेला दिसते. परंतु पृथ्वी गोल आहे. शाळेतील पृथ्वीगोलावर जळगावपासून मक्केपर्यंत दोरा ताणून धरा. तो दोरा निघतानाच पश्चिमेपेक्षा किंचित उत्तरेकडे वळलेला दिसेल. गणित केले तर हा फरक सुमारे ७ अंशांचा येतो. वेळेचेही तसेच आहे. सूर्याला एक रेखांश ओलांडायला ४ मिनिटे लागतात. धुळे हे जळगावच्या पश्चिमेस एक अंशाहून थोडे कमी अंतरावर आहे. म्हणून रमजानमध्ये धुळ्याची इफ्तार जळगावनंतर साधारण ३ मिनिटांनी होते. वेळापत्रक आपण सर्वच पाहतो, पण त्यामागचे कारण किती मुलांना सांगता येते?

हे कारण शोधणारे लोक हजार वर्षांपूर्वी होऊन गेले. अल्-बिरूनी या थोर विद्वानाने १०२५ च्या सुमारास शहरांचे अक्षांश-रेखांश ठरविण्यावर एक ग्रंथ लिहिला. गझनी शहरातून किब्ल्याची दिशा अचूक काढणे हा त्याचा एक हेतू होता. पंजाबातील नंदना येथील डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते, हे मोजून त्याने पृथ्वीची त्रिज्या काढली. पुढे ११५४ साली अल्-इद्रीसीने सिसिलीचा राजा रॉजर याच्यासाठी त्या काळच्या ज्ञात जगाचा नकाशा व ग्रंथ तयार केला. मोरोक्कोचा इब्न बतूता तर प्रत्यक्ष आपल्या खानदेशातून गेला. १३४२ च्या सुमारास दौलताबादहून खंबायतकडे जाताना तो नंदुरबारला आला. तेथे मराठ्यांची वस्ती असून त्यांच्यात कुशल कारागीर, वैद्य व ज्योतिषी असल्याचे त्याने लिहून ठेवले. आपल्या लोकांचे इतक्या दूरच्या प्रवाशाने केलेले हे वर्णन प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवे.

आता खानदेशच्या भूमीकडे वळू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची रचना आहे. मुलताईजवळ उगम पावलेली ही नदी ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्राला मिळते. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे जातात, तापी मात्र खचदरीतून पश्चिमेला जाते. त्यामुळे खानदेश हा उत्तर हिंदुस्थान, दख्खन आणि गुजरातचा किनारा यांना जोडणारा रस्ता बनला.

हा रस्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती खानदेश, असे येथील इतिहासाकडे पाहिल्यावर दिसते. १३७० साली मलिक राजा फारुकी याला फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेर व आसपासचा मुलूख मिळाला आणि १३८२ पासून तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला. थाळनेर हे आजच्या धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, तापीच्या अगदी काठावर आहे. फारुकी घराण्यातील कबरी आजही तेथे पाहावयास मिळतात. मलिक राजाचा मुलगा नासिरखान याने असीरगड घेतला आणि तापीकाठी बऱ्हाणपूर वसविले. नकाशा उघडून असीरगड कोठे आहे ते पाहा. सातपुड्याच्या रांगेत तेथे एक सखल वाट आहे आणि तिच्यावर हा गड पहारा करतो. म्हणूनच त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. एवढ्या लहानशा राज्याने दोनशेहून अधिक वर्षे टिकाव धरला, त्यात या गडाचा व या वाटेचा वाटा फार मोठा होता. अकबरासारख्या बादशहालाही गडाला दीर्घकाळ वेढा घालून बसावे लागले आणि जानेवारी १६०१ मध्ये गड त्याच्या हाती आला. त्यानंतर शहाजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याला दानदेश म्हणू लागले.

राजांप्रमाणे सामान्य लोकांनीही ही भूमी नीट ओळखली होती. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, ही योजना झाली. सातपुड्यात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते. ते वाटेतच अडवून, शंभराहून अधिक कुंड्या भुयाराने एकमेकींना जोडून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. पाणी उपसावे लागले नाही. ही पद्धत इराणातील कनातीसारखी आहे. ज्याला जमिनीचा उतार व खडकांचे थर कळत नाहीत, त्याला असे काम करता येणार नाही.

दुसरे उदाहरण धुळे जिल्ह्यातील फड पद्धतीचे. पांझरा नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाटाने पाणी नेले जाते आणि लाभक्षेत्राचे फड पाडले जातात. एका फडात सर्व शेतकऱ्यांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पिकांची पाळी दरवर्षी बदलावयाची. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवावयाचे, हे गावकरी एकत्र बसून ठरवीत. पाटकरी व जागल्या त्यावर देखरेख ठेवीत. नदी, उतार, माती आणि माणसांचा न्याय या चारही गोष्टींचा येथे मेळ घातलेला आहे. शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे ही व्यवस्था चालविली.

लेखी माहितीची परंपराही जुनी आहे. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त या सुभ्याच्या सीमा, नद्या, पिके व गावे यांचे वर्णन आहे. ज्वारी हे मुख्य पीक असल्याचे त्यात नोंदविले आहे; चांगदेवजवळचा तापी-पूर्णा संगम, चोपड्याजवळचा तापी-गिरणा संगम आणि धरणगावचे कापड यांचाही उल्लेख येतो. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या काळात धुळे हे कारभाराचे ठिकाण झाले, कारण ते मध्यवर्ती होते आणि उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. आजही मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे मार्ग धुळ्यातच एकमेकांना छेदतात. १८८० साली खानदेशचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. नदी, जमीन, पीक, जात, धंदा, बाजार यांची तपशीलवार नोंद इंग्रजांनी केली, ती आपल्या करमणुकीसाठी नव्हे. सारा वसूल करण्यासाठी आणि राज्य चालविण्यासाठी त्यांना हा प्रदेश जाणून घेणे भाग होते. भुसावळहून खांडव्याकडे जाणारा लोहमार्गही त्याच असीरगडच्या वाटेजवळून नेण्यात आला. परक्यांनी आपली भूमी इतक्या काळजीने अभ्यासावी आणि आपण तिच्याकडे पाठ फिरवावी, हे योग्य आहे काय?

उच्च शिक्षणाची सोय आपल्याकडे उशिरा आली. १९४५ साली जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरला प्रताप महाविद्यालय सुरू झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आणि १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. ते आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. समाजाच्या संस्थांनीही पुढाकार घेतला. जळगावच्या मेहरूण भागात इकरा एज्युकेशन सोसायटीचे एच. जे. थीम कला व विज्ञान महाविद्यालय उभे आहे. ज्या घरांतून पूर्वी कोणी कॉलेजात गेले नव्हते, त्या घरांतील मुलामुलींना आता गावाजवळच पदवी घेता येते.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात भूगोल विभाग १९२४ सालीच सुरू झाला. भारतातील विद्यापीठांच्या सर्वांत जुन्या भूगोल विभागांत त्याची गणना होते. तेथे अध्यापन केलेले प्रा. मूनिस रझा हे भूगोलतज्ज्ञ पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या उभारणीत सहभागी झाले आणि १९८५ ते १९९० या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेव्हा 'भूगोल घेऊन काय करणार' हा प्रश्न आपल्या समाजाला तरी शोभत नाही.

भूगोल हा विषय पाठांतराचा राहिलेला नाही. कॉलेजात त्याचे प्रात्यक्षिक असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील अर्धा किलोमीटर. तिच्यावरील समोच्च रेषा वाचता आल्या की घरबसल्या डोंगराचा चढ कळतो. कंपास व प्लेन टेबल घेऊन मोजणी करावी लागते, उपग्रहाची चित्रे वाचावी लागतात, जर्नल पूर्ण करावे लागते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांतही भूगोल आहेच. पण नोकरीपलीकडेही एक गरज आहे. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे. डोंगरातून आलेले पाणी तेथे जमिनीत मुरते आणि पुढच्या केळीच्या बागा त्याच भूजलावर पिकतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु मुरते त्याहून अधिक पाणी आपण उपसत राहिलो, तर विहिरींचे काय होईल? हे सांगू शकणारे तरुण गावातच तयार झाले पाहिजेत.

आता दोन अडचणींविषयी स्पष्ट बोलतो. पहिली भाषेची. उर्दू माध्यमाच्या मुलाने शाळेत 'खत्ते उस्तवा', 'अर्जुल बलद', 'तूलुल बलद' असे शब्द शिकलेले असतात. कॉलेजात त्याला विषुववृत्त, अक्षांश, रेखांश किंवा इक्वेटर, लॅटिट्यूड, लाँजिट्यूड ऐकू येते आणि तो मागच्या बाकावर गप्प बसतो. त्याला विषय येत नाही असे नव्हे, त्याला शब्द नवे असतात. यावर उपाय सोपा आहे. आठवीपासूनच वहीत तीन रकाने आखा आणि प्रत्येक संज्ञा उर्दू, मराठी व इंग्रजी अशी लिहा. तीन वर्षांत ही वही स्वतःचा कोश होईल. शिक्षक बंधूंनी यात पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

दुसरी अडचण मुलींची आहे. मुलगी भूगोल घेते, वर्गात पहिली येते, पण क्षेत्रभेटीचा दिवस आला की घरून चिठ्ठी येते, "सहलीला पाठविता येणार नाही." क्षेत्रभेट ही सहल नव्हे, तो अभ्यासाचाच भाग आहे. घरी राहिलेली मुलगी मैत्रिणीचा अहवाल उतरवून काढते. गुण मिळतात, पण नदी पाहिलेली नसते. पालकहो, तुमची काळजी मला समजते. मलाही ती कमी महत्त्वाची वाटत नाही. म्हणून नकार देण्याआधी कॉलेजात या आणि विचारा : सोबत कोण शिक्षिका आहेत? वाहन कोणते? परत केव्हा येणार? समाधान झाले नाही तर आईने किंवा मोठ्या बहिणीने बरोबर जाण्याची परवानगी मागा. जळगावहून चांगदेवचा संगम, धुळ्याहून थाळनेर किंवा लळिंगचा किल्ला, ही ठिकाणे सकाळी निघून सायंकाळी परत येण्यासारखी आहेत. संस्थांनीही अशी जवळची ठिकाणे निवडावीत आणि पालकांना आधी लेखी माहिती द्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, या वर्षी प्रवेशाचा अर्ज भरताना भूगोलाच्या रकान्यावर थोडे थांबा. इब्न बतूता हजारो मैलांवरून येऊन आपले नंदुरबार पाहून गेला. तुमच्या गावातून कोणती नदी वाहते, ती कोठून येते, तुमच्या विहिरीला पाणी कोठून लागते, हे जाणून घ्यावयास तुम्हाला एसटीच्या तिकिटापेक्षा अधिक खर्च नाही. आणि पालकांनो, मुलाने किंवा मुलीने हा विषय स्वखुशीने मागितला, तर 'काय करणार' असे विचारण्याऐवजी एकदा त्यांच्याबरोबर तापीच्या काठी जा आणि त्यांनाच काय दिसते ते सांगू द्या.