सैन्यभरती आणि शरीरसाधना

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील रस्त्यानें पहाटे फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ आहे. आम्हां वृद्धप्राय मंडळींतून वाट काढीत धांवणारीं मुलें तेथें हल्लीं नित्य दिसतात. अग्निवीर होऊं पाहणाऱ्या या मुलांनीं १६०० मीटरांचें अंतर ५ मिनिटें ३० सेकंदांत कापलें, तर त्यांस पुरे ६० गुण मिळतात. आडव्या दांड्यास लोंबकळून दहा वेळां हनुवटी वर नेली, कीं आणखी ४०. नऊ फुटी खंदक ओलांडण्यास गुण नाहींत. पण तो साधला नाहीं, तर घरचा रस्ता धरावा लागतो. हिशेब कठोर खरा, पण सर्वांस सारखा.

पूर्वीं तो असा सारखा नव्हता. जोर, बैठका आणि मल्लखांब यांची महाराष्ट्रांत वाण कधींच नव्हती. परंतु कमावलेलें शरीर म्हणजे सैन्याचें उघडें दार, असें समजणें भोळेपणाचें होईल. ज्यांचे पूर्वज १८१८ सालीं कोरेगांवीं इंग्रजांच्या बाजूनें लढले, त्या महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद करण्यांत आली. कांहीं जाती तेवढ्या लढाऊ, असा सिद्धांत तेव्हां सेनापति लॉर्ड रॉबर्ट्‌स यांच्या पुरस्कारानें बळावला होता. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनीं या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. त्याचा उपयोग झाला नाहीं. पुढें महायुद्धांत माणसें कमी पडूं लागतांच १९१७ सालीं महारांची १११ वी पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर १९२१ सालीं मोडली गेली. १९४१ सालीं दुसऱ्या महायुद्धांत बेळगांवीं महार रेजिमेंट स्थापन झाली. दंड-छाती तींच होती. बदलली ती सरकारची निकड.

आतां तें दार जातीसाठीं अडत नाहीं. अडचण आहे ती तेथवर पोंचण्याची. १९३८ सालीं मुंबई सरकारनें याच उपनगरांत, कांदिवलीस, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था काढली. तिच्यामागची कल्पना आम्हांस फार शहाणपणाची वाटते. शाळाशाळांतून असा शिक्षक असला, तर मुलाचें शरीर लहानपणापासून हळूहळू घडतें. मग भरतीची जाहिरात वाचून तीन महिन्यांत तें घाईघाईनें घडविण्याचा प्रसंग येत नाहीं. आज अंधेरीपासून मुलुंडपर्यंत भरतीपूर्व तयारीचे वर्ग चालतात. त्यांतील शिक्षक मेहनती असतील, नाहीं म्हणत नाहीं. पण साडेसतरा वर्षांपर्यंत न धांवलेल्या पायांस त्यांनीं तरी काय करावें?

मागें आमचा एक विद्यार्थी लंगडत वर्गांत आला. सिमेंटच्या रस्त्यावर दोन महिने धांवून त्याची नडगी दुखावली होती. शाळेस मैदान नव्हतें काय, असें आम्हीं विचारलें.

“होतें, सर,” तो म्हणाला, “आतां तेथें शाळेचीच दुसरी इमारत उभी आहे.”