पॅरिस, कसौली, कुन्नूर, सिव्हिल: कुत्रं चावल्यावर कुठं जायचं?

खासबाग, शहापूर, वडगाव या भागात कुणाला कुत्रं चावलं की घरातलं वडीलधारं माणूस आजही म्हणतं, "आता पोटात चौदा इंजेक्शनं." आता सुई पोटात टोचत नाहीत आणि ती चौदाही नसतात. ही पद्धत भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. पण तिची भीती उरली आहे, आणि त्या भीतीपोटी काही माणसं दवाखान्यात जायचं टाळतात. ही चौदा इंजेक्शनं आली कुठून, त्याआधी लोक काय करत आणि आपल्या भागातल्या माणसाला उपचारासाठी किती लांब जावं लागे, हे या टिपणात मांडायचं आहे.

लस येण्याआधी

पिसाळलेल्या कुत्र्याचं भय फार जुनं आहे. मराठीत आपण 'पिसाळलेलं कुत्रं' म्हणतो, आपले कन्नड शेजारी 'हुच्च नायी' म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात या विषाचं वर्णन 'अलर्कविष' म्हणून आलं आहे. दंश झालेला माणूस पाण्याला भिऊ लागला की तो वाचत नाही, हेही तिथं स्पष्ट सांगितलं आहे. त्या लक्षणाला 'जलत्रास' म्हटलं आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'जलसंत्रास' हा शब्द त्याच घराण्यातला. उपचार सांगताना सुश्रुत आधी जखमेकडे वळतो: चावल्या जागेतलं रक्त दाबून काढावं, तापलेल्या तुपानं ती जागा डागावी, मग लेप आणि पोटात घ्यायची औषधं.

खेडोपाडी पुढं हेच चालत आलं, फक्त त्याचं रूप बदललं. कुणी लोखंड तापवून डाग देई, कुणी मंत्र घालणाऱ्याकडे नेई. जखमेवर हळद, चुना, तिखट, रॉकेल, तंबाखूची पूड, जे हाताशी असेल ते लावलं जाई. डाग देण्यात निदान एक तर्क होता, विष आत जायच्या आधी जागेवरच जाळायचं. तिखट आणि चुन्यानं मात्र जखम चिघळते, विषाणू मरत नाही. या साऱ्यात एक साधी गोष्ट मागं पडली, ती म्हणजे साबण लावून भरपूर पाण्यानं जखम धुणं.

सरकारचा पहिला उपाय: कुत्री मारा

इंग्रजी अमलात शहरांतला पहिला उपाय औषधाचा नव्हता, काठीचा होता. मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम असे. जून 1832 मध्ये शिपाई कुत्री मारत फिरताना पारशी समाज खवळला, हिंदूही त्यात सामील झाले. दुकानं बंद झाली, फौजेची रसद अडली आणि शेवटी गोरं सैन्य बोलवावं लागलं. मुंबईच्या इतिहासात ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून नोंदली गेली. पुढं 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं, त्यामागं या प्रकरणाचीही पार्श्वभूमी होती.

आपल्याकडेही कुत्रं म्हणजे नुसता उपद्रव नव्हता. खंडोबाच्या सोबत कुत्रं, भैरोबाचं वाहन कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार कुत्री. दारात आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा घालणं हा रिवाज. त्यामुळं 'सगळी मारून टाका' हा हुकूम लोकांना मनापासून कधी पटला नाही. शिवाय आपल्याकडं राज्यांच्या हद्दीही आड येत. बेळगाव ब्रिटिश अमलात, तर अगदी लागून असलेलं शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात. माणसांना ती हद्द ठाऊक होती. कुत्र्याला कुठली हद्द?

पॅरिस आणि कसौली

6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या अल्सेशियन मुलाला पहिली लस टोचवली. दोनच दिवसांपूर्वी कुत्र्यानं त्याचे लचके तोडले होते. वाळवलेल्या सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली ती लस, आधी अगदी मवाळ आणि रोज थोडी थोडी जहाल, अशी पोटाच्या कातडीखाली टोचत गेले. मुलगा जगला. पोटातल्या सुईची कथा इथून सुरू होते.

ही लस चावल्यानंतर देऊनही चालते, याचं कारण या रोगाच्या चालीत आहे. विषाणू जखमेतून नसांवाटे मेंदूकडे हळूहळू सरकतो. बहुधा एक ते तीन महिने लागतात, तोंडावर किंवा डोक्यावर चावा असेल तर कमी. ती शर्यत लसीनं जिंकायची असते. म्हणूनच लांबचा प्रवास करूनही लोक वाचू शकत. भारतात सोय नव्हती तेव्हा कुत्रं चावलेल्या गोऱ्या शिपायांना बोटीनं थेट पॅरिसला पाठवलं जाई. बेळगाव तर छावणीचं गाव. पण हे साहेबांपुरतं होतं, खासबागच्या विणकराला पॅरिस म्हणजे आकाशातलं गाव.

1900 साली हिमालयाच्या पायथ्याशी कसौलीला भारतातली पहिली पाश्चर संस्था सुरू झाली. डेव्हिड सेंपल तिचे पहिले संचालक. आता उपचार देशात आला, पण बेळगावहून कसौली दोन हजार किलोमीटरहून लांब! सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज गाडी पुण्यापर्यंत, तिथं गाडी बदलून मुंबई, मग दिल्ली, अंबाला, कालका आणि शेवटी डोंगर. 1903 मध्ये कालका-शिमला रेल्वे झाल्यावर धरमपूर स्टेशनापर्यंत गाडी मिळू लागली. तिथं पोचल्यावर रोज सुई आणि दोन-तीन आठवडे मुक्काम. गरिबांच्या प्रवासखर्चाचा भार सरकार किंवा स्थानिक संस्था उचलत असत. पण बरोबर जाणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी कोण देणार? माग बंद पडला की घरची चूलही बंद.

कुन्नूर

1907 मध्ये दक्षिणेसाठी निलगिरीत कुन्नूरला दुसरी संस्था निघाली. हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकानं लॉर्ड कर्झन यांच्या हाती दिलेल्या देणगीतला काही भाग तिच्यासाठी वापरला गेला. आपल्या भागातून नकाशानं पाहिलं तर कसौलीपेक्षा कुन्नूर पुष्कळच जवळ: लोंढा, हुबळी, बेंगळूर, जोलारपेट, मेट्टुपाळयम आणि पुढं दात्यांच्या रुळावरची डोंगरगाडी.

त्याच सुमाराला, विसाव्या शतकाच्या आरंभी, आपल्या टिळकवाडीत देवीची लस तयार होत होती. 'व्हॅक्सिन डेपो' हे नाव आणि ती झाडी आजही सगळ्यांना माहीत आहे. देवीची लस वासरांच्या अंगावर वाढवून ती बाहेरगावी धाडता येई. पाश्चरची लस तशी नव्हती. सशांची अखंड साखळी, ताजा मज्जारज्जू आणि रोज वेगळी मात्रा, म्हणून रोग्यानंच लसीकडं जायचं. एकाच गावात एका रोगाची लस दोन-अडीच मैलांवर आणि दुसऱ्या रोगाची कित्येक दिवसांच्या वाटेवर, अशी ती स्थिती होती.

चौदा इंजेक्शनं

ही स्थिती 1911 मध्ये सेंपल यांनी बदलली. बाधित मेंढीच्या मेंदूतला विषाणू कार्बोलिक आम्लानं मारून त्यांनी लस केली. ती बाटलीत भरून पाठवता येई. रोग्यानं लसीकडं जाण्याऐवजी लस रोग्याकडं येऊ लागली. 1920 च्या दशकात मुंबईत, पुढं ज्या संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं तिथं, हा उपचार सुरू झाला आणि हळूहळू जिल्ह्याच्या दवाखान्यांतूनही लस मिळू लागली. आपले लोक ज्याला नुसतं 'सिव्हिल' म्हणतात, तिथवर उपचार पोचला तो या लसीमुळं.

मात्र ही लस मोठ्या मापानं टोचावी लागे. रोज एक, अशी साधारण चौदा दिवस, आणि एवढं औषध मावायला जागा म्हणजे पोटाची कातडी. पोट सुजे, दुखे. माणूस मध्येच कंटाळून यायचं सोडून देई. शिवाय मेंढीच्या मेंदूचा अंश असल्यानं काही थोड्या लोकांना लसीमुळंच लकवा होई. लोकांचं भय निव्वळ अडाणीपणाचं नव्हतं, त्याला आधार होता. तरीही याच लसीनं नव्वद-एक वर्षं असंख्य माणसं वाचवली, हेही विसरता येणार नाही.

दरम्यान पेशींवर वाढवलेली नवी लस आली. 1975-76 मध्ये इराणात पिसाळलेल्या कुत्र्या-लांडग्यांनी चावलेल्या 45 जणांना ती दिली आणि सगळे वाचले. पण ती महाग होती. मेंदूची लस आपल्याकडं त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षं चालली. 2006 मध्ये कातडीच्या आत थोडीशी लस टोचायच्या पद्धतीला भारतात मान्यता मिळाली, तेव्हा खर्च आटोक्यात आला.

आज काय करायचं?

आज हा इतिहास चार ओळींत मावतो. चावा किंवा ओरखडा झाला की आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम पंधरा मिनिटं धुवायची. तिखट, चुना, तंबाखू काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथं मोफत मिळते. दंडावर सुई पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर पहिल्याच दिवशी जखमेत तयार प्रतिपिंडांचं औषधही टोचावं लागतं, ते आवर्जून विचारायचं. कुत्रं दहा दिवस जिवंत राहतं का ते पाहावं, पण त्यासाठी लस थांबवायची नाही.

2003 च्या देशव्यापी पाहणीत भारतात वर्षाला सुमारे 20,565 रेबीजमृत्यूंचा अंदाज होता. 2022-23 च्या पाहणीत तो 5,726 वर आला. फरक मोठा आहे, पण लक्षणं दिसल्यावर औषध नाही, म्हणून यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू वेळेवर टाळता आला असता. चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. तिथं 2014 पासून कुत्र्यांनाच नेटानं लसी टोचल्या आणि 2018 नंतर कित्येक वर्षं एकही माणूस या रोगानं दगावला नाही. 1832 च्या काठीपेक्षा हा मार्ग नक्कीच चांगला.

खासबागच्या माणसाचं औषध एकेकाळी दोन हजार किलोमीटरवर होतं, तरी माणसं कसौलीला जात होती. आज ते रिक्षाच्या अंतरावर आहे आणि पहिला उपाय तर घरच्या नळाखाली. आपल्या कुणाच्या घरी जुन्या पेटीत कसौली-कुन्नूरच्या प्रवासाचे पास, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, नगरपालिकेच्या कुत्र्यांबद्दलच्या जाहीर नोटिसा असतील तर मंडळाला जरूर दाखवा. आणि घरात कुणी "पोटात चौदा" म्हणालं, तर त्यांना सांगा, ते दिवस गेले.